वचन किती उशिरा आठवतं? पाठांतराची एक घरगुती पद्धत

बायबलमधलं नीतिसूत्रे १५:१ हे वचन मला दहा वर्षांचा असल्यापासून पाठ आहे. "मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते, कठोर शब्दाने क्रोध उत्तेजित होतो." संडे स्कूलमध्ये हे आणि आणखी एकोणचाळीस वचनं बिनचूक म्हणून दाखवली म्हणून स्टीलचा झाकणवाला डबा बक्षीस मिळाला होता. तो डबा अजून घरात आहे. त्यात धने असतात.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, सकाळच्या गर्दीत, गोव्यातल्या चोडणच्या धक्क्यावर मी फेरीबोटीच्या रांगेत उभा होतो. पाऊस, रेनकोटच्या आत घाम, आणि आधीच्या दोन बोटी भरून गेलेल्या. एका स्कूटरवाल्याने कडेने येऊन माझ्यापुढे चाक घातलं. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मात्र शांतपणे म्हणाला, "इतलो तापता कित्याक?" (एवढा तापतोस कशाला?) आणि बोटीत चढला. मी पण चढलो. रायबंदर येईपर्यंत मनात त्याला आणखी चार वाक्यं ऐकवली.

रात्री बायको आमटीला फोडणी देत होती. तिने फळीवरचा डबा काढून दे म्हटलं, मी डबा हातात घेतला, आणि तेव्हा कुठे आठवलं: "मृदू उत्तराने..."

म्हणजे वचन आलं, पण बारा तास उशिरा. त्या रात्रीपासून माझ्यापुरतं पाठांतराचं मोजमाप बदललं. किती वचनं येतात हे मी मोजत नाही. गरज पडल्यापासून वचन आठवेपर्यंत किती वेळ गेला ते मोजतो. पुढे लिहिलंय ते सगळं हा वेळ कमी करण्याबद्दल आहे. मी पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, नाही. आमच्या छोट्या मराठी मंडळीत रविवारी मुलांना शिकवतो, आणि मुलांना शिकवता शिकवता जे हाती लागलं ते मांडतो आहे.

आधी निवड, आणि ती आपल्या खोडीवरून

बहुतेक लोक सुरुवात प्रसिद्ध वचनांपासून करतात: योहान ३:१६, स्तोत्र २३. ती वचनं यायला हवीतच, पण ती बहुधा तुम्हाला आधीच येतात. नव्याने पाठ करायचं पहिलं वचन आपण नेहमी जिथे घसरतो तिथलं घ्या. आठवडाभर रोज रात्री एका ओळीत लिहा, आज कुठे बिनसलं. सात ओळी झाल्या की दिसतं, एकच गोष्ट तीनचार वेळा आली आहे.

माझ्या सातांपैकी पाच ओळी रागाच्या होत्या, तेव्हा माझं पहिलं कार्ड याकोब १:१९-२० चं झालं: ऐकायला तत्पर, बोलायला आणि रागाला मंद. काळजीने झोप उडत असेल तर फिलिप्पै ४:६-७ घ्या. पाठीमागे बोलायची सवय असेल तर इफिस ४:२९. त्यातला "कुजके भाषण" हा शब्द एकदा डोक्यात बसला की दुसऱ्याची निंदा करताना खरोखर वास येतो. मोहासाठी १ करिंथ १०:१३, रात्रीच्या भीतीसाठी स्तोत्र ४:८. एका वेळी एकच घ्या. आठवड्याला एक वचन हा वेग हळू वाटतो, पण वर्षाला पन्नास होतात, आणि त्यातली पंचवीस जरी टिकली तरी माझ्या बक्षिसाच्या चाळीसांतली जी उरली त्यांपेक्षा जास्त झाली.

कोणत्या भाषेत?

हा प्रश्न गोव्यात फार खरा आहे. आमच्या वर्गातली मुलं शाळेत इंग्रजी बोलतात, रस्त्यावर आणि शेजारी कोंकणी, घरात मराठी. त्यात मित्रांबरोबर फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, गेली की प्रार्थना रोमन लिपीतल्या रोमी कोंकणीतून. एका मुलीला स्तोत्र २३ तिन्ही भाषांत अर्धं अर्धं येत होतं आणि एकाही भाषेत पूर्ण येत नव्हतं.

माझं मत असं: ज्या भाषेत तुम्हाला राग येतो, ज्या भाषेत तुम्ही "आई गं" म्हणता, त्या भाषेत वचन पाठ करा. वेळ आली की माणूस भाषांतर करत बसत नाही. भाषा ठरली की भाषांतरही एकच धरा. मराठीत बायबल सोसायटीचं जुनं आहे, सोप्या बोलीतली आहेत, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं आहे. प्रत्येकात शब्द वेगळे. एका ठिकाणी "उणे पडणार नाही", दुसरीकडे काही वेगळंच. आज एक, उद्या फोनवरच्या ॲपमधलं दुसरं, असं केलं की जीभ ऐन मधे अडखळते. समजून घ्यायला सगळी वाचा, पाठ मात्र एकच करा. मी स्वतः जुन्याकडे झुकतो, कारण त्याच्या वाक्यांना ठेका आहे आणि आजीच्या तोंडी तेच होतं. लहान मुलांना "आभारप्रदर्शनासह" झेपत नसेल तर सोपं भाषांतर द्यायला काहीच हरकत नाही.

वचनाचं घर बघून या

पाठ करण्याआधी त्याच्या पुढची-मागची दहा वचनं वाचा. हे टाळू नका. फिलिप्पै ४:१३, "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे", हे परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना हमखास आठवतं. पण त्याच्या आधीचं वचन वाचलं की कळतं, हे पत्र लिहिणारा पौल तिथे पोटभर असणं आणि उपाशी असणं या दोन्हींत समाधानी राहायला शिकल्याचं सांगतो आहे, आणि तेही कैदेतून. पहिला नंबर येण्याचा तिथे विषयच नाही. यिर्मया २९:११ चंही तसंच: हिताचे संकल्प सांगणारं ते वचन घरांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेलं असतं, आणि त्याच्या अगदी वरच्या वचनात बाबेलमधल्या बंदिवासाच्या सत्तर वर्षांचा हिशेब आहे. ते ज्यांना लिहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी परतणं दिसणारच नव्हतं.

आणि पाठांतर म्हणजेच भक्ती असं वाटायला लागलं तर मत्तयचा चौथा अध्याय उघडावा. तिथे येशूला मोहात पाडताना सैतानही स्तोत्र ९१ तोंडपाठ म्हणून दाखवतो. येशूची तिन्ही उत्तरं बायबलमधल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून येतात, म्हणजे जवळजवळच्या पानांवरून. मला हे फार मोलाचं वाटतं. सुटी सुटी वचनं इकडून तिकडून गोळा केलेली नाहीत. एका भागात मुक्काम केलेला आहे.

कानाने पाठ करा

गोव्यात हे नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इथे आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. ते गाऊन म्हणायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आजही वाड्यावरच्या खुरसासमोर (क्रुसासमोर) लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणतात तेव्हा पुस्तक न उघडता लॅटिन शब्द म्हणणारे म्हातारे भेटतात. अर्थ विचारला तर हसतात, पण शब्द एक चुकत नाही. सगळी किमया चालीची.

माझी आजी मिरजेकडची. ती वचनाला "ओवी" म्हणायची: "आज कुठली ओवी?" तांदूळ निवडता निवडता स्तोत्र १२१ एका संथ चालीत गुणगुणायची. "मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो" म्हणताना "डोंगरांकडे"ला आवाज वर जायचा, "मला साहाय्य कोठून येईल?"ला खाली. मी ते कधी बसून पाठ केलंच नाही. तरी येतं.

स्तोत्र १:२ मध्ये "मनन" असं जे मराठीत आहे, त्याच्या मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ पुटपुटणं, गुरगुरणं असा आहे. यशयाच्या पुस्तकात सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्याला तेच क्रियापद येतं. तेव्हा ओठ न हलवता पाठांतर करू नका. मोठ्याने म्हणा, एकटे असाल तर गा. चाल स्वतःची लावा, साधी, दोनतीन सुरांची, पाढे म्हणायचो तशी. सिनेमातल्या गाण्याची चाल मात्र नको. मी एकदा मुलांना तशी लावून दिली आणि महिनाभर ती वचनाच्या तिसऱ्या ओळीला मूळ गाण्यावर घसरत होती.

तोडणं, आणि आद्याक्षरं

आता प्रत्यक्ष एक वचन घेऊ. फिलिप्पै ४:६ श्वासांवर तोडलं की असं दिसतं:

कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका,
तर सर्व गोष्टींविषयी
प्रार्थना व विनंती करून
आभारप्रदर्शनासह
आपली मागणी देवाला कळवा.

पहिली ओळ पाच वेळा म्हणा, बघून, मग डोळे मिटून. दुसरी जोडा. दोन्ही मिळून म्हणा. तिसरी जोडा. दरवेळी सुरुवातीपासून. पंधरा मिनिटांत वचन तोंडावर येतं. मग कार्डाच्या एका बाजूला पूर्ण वचन आणि दुसऱ्या बाजूला फक्त आद्याक्षरं, काना-मात्रेसकट:

क चिं हो न / त स गो / प्रा व वि क / आ / आ मा दे क

आद्याक्षरांची युक्ती खुद्द बायबलमध्ये आहे. स्तोत्र ११९ ची १७६ वचनं बावीस कडव्यांत आहेत, प्रत्येक कडव्यात आठ, आणि त्या आठही ओळी हिब्रू वर्णमालेच्या एकाच अक्षराने सुरू होतात. लोकांच्या लक्षात राहावं म्हणूनही ती सोय झाली असणार.

या वचनात एक गंमत आहे. आमच्या वर्गात दहातली सात मुलं "आभारप्रदर्शनासह" गाळतात. मोठी माणसंही. आधी वाटायचं, शब्द अवघड आहे म्हणून. मग आद्याक्षरांकडे बघितलं: दोन "आ" एकापाठोपाठ आहेत. "करून" संपल्यावर जीभ "आ"साठी उघडते आणि सरळ "आपली मागणी"वर जाते. एक आ दुसऱ्याला गिळतो. राहतं काय, तर काळजी करू नका आणि मागणी कळवा. पौलाने मधे घातलेले आभार गायब. आम्ही आता त्या जागी टाळी वाजवतो. तुमच्या वचनात कुठला शब्द गळतो ते असंच शोधा; बऱ्याचदा आपण आयुष्यातही तोच गाळत असतो, पण ते जाऊ द्या.

मराठीची आणखी एक अडचण आद्याक्षरं पकडत नाहीत, ती म्हणजे शब्दांची शेपटं. "देवाला"चं "देवाकडे" होतं, "गोष्टींविषयी"चं "गोष्टींमध्ये". म्हणून आठवड्यातून एकदा वचन न बघता लिहून काढा आणि प्रत्यय तपासा. बोलताना लपलेली चूक लिहिताना सापडते.

संदर्भ आधी आणि शेवटी, दोन्हीकडे म्हणा: "फिलिप्पै चार सहा", वचन, "फिलिप्पै चार सहा". नाहीतर वचन येतं आणि पत्ता हरवतो.

उजळणीचं वेळापत्रक

पाठ केलेलं पहिल्या दिवशीच सर्वांत जास्त विसरतं. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच हे दाखवलं. उपाय एकच: विसरायच्या काठावर असताना आठवून बघायचं. परत वाचायचं नाही, आठवायचं. अडलात तर दहा सेकंद अडून राहा, लगेच कार्ड उलटू नका. त्या दहा सेकंदांतच काम होतं.

मी कार्डांचे तीन गठ्ठे करतो, रबर बँड लावून. पहिला रोजचा: चालू वचन आणि मागच्या सहा आठवड्यांची, म्हणजे सात कार्डं. ही संपवायला चहा गार होण्याइतका वेळ लागतो. दुसरा रविवारचा: सहा आठवडे झाले की कार्ड इथे येतं, आणि उपासनेला निघण्याआधी हा गठ्ठा एकदा म्हणायचा. साधारण पाच महिने रविवारी न अडता आलं की ते तिसऱ्यात जातं, महिन्यातून एकदा. आमच्याकडे पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, त्याच्या आदल्या रात्री मी तिसरा गठ्ठा काढतो. जे कार्ड अडलं ते निमूटपणे पहिल्या गठ्ठ्यात परत. ही शिक्षा समजू नका. माझी काही कार्डं चार वेळा परत आली आहेत.

फोनवर ॲपं आहेत, ती हेच करतात. वापरायची तर वापरा. मला ती जमली नाहीत, कारण वचनासाठी फोन उघडतो आणि वीस मिनिटांनी भलतंच काही बघत असतो.

वचनाला जागा द्या

आता मूळ मुद्दा. माझं नीतिसूत्रे १५:१ घट्ट पाठ होतं, मग धक्क्यावर का आलं नाही? कारण मी ते नेहमी खुर्चीवर बसून, हात बांधून, शांत असताना म्हटलं होतं. माझ्या मेंदूत ते वर्गाच्या खोलीशी बांधलं गेलं होतं, फेरीबोटीशी नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, उजळणी दिवसातल्या ठरलेल्या आवाजांना बांधा. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू वाजला की चालू वचन. दुपारी बारा आणि संध्याकाळी सात वाजता इगर्जीची (चर्चची) घंटा झाली की पुन्हा. आम्ही प्रॉटेस्टंट असलो तरी घंटा काही फक्त शेजाऱ्यांनाच ऐकू येत नाही. बसने पणजी-मडगाव करणाऱ्यांनी थांबे धरावेत: या थांब्यावर पहिली ओळ, पुढच्यावर दुसरी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि थोडी वेड्यासारखी वाटेल. ज्या जागी घसरता त्या जागी जाऊन वचन म्हणा, गरज नसताना. मी महिनाभर रोज धक्क्यावर, रांगेत, हेल्मेटच्या आत याकोब १:१९ म्हटलं, कोणी पुढे घुसलेलं नसताना. मग डोळ्यापुढे प्रसंग आणायचा: आता कडेने चाक आलं. वचन. मग काय बोलणार तेही ठरवायचं. माझं वाक्य ठरलंय: "घाई असा? वच." (घाई आहे? जा.) बस, इतकंच. मुलाशी अभ्यासावरून भांडण होत असेल तर त्याच टेबलापाशी म्हणा. रात्री दोनला काळजी येत असेल तर दिवे मालवून, पाठीवर पडून म्हणा, म्हणजे अंधार आणि वचन एकमेकांना ओळखतील.

आणि उशीर लिहून ठेवा. पहिल्यांदा बारा तास. पावसाळा संपता संपता मी पुन्हा एकदा तापलो, तेव्हा मांडवीच्या साधारण मध्यावर आठवलं. डिसेंबरात, बोटीची फळी वर घेत असताना. एकदा तर तोंड उघडण्याआधी आलं, पण त्याच आठवड्यात ऑफिसात दीड दिवस लागला, कारण ऑफिसात मी कधी सराव केलाच नव्हता. उशिरा आलेलं वचनही वाया जात नाही. माफी मागायला ते उपयोगी पडतं. त्या स्कूटरवाल्याला मी तीन आठवड्यांनी रांगेत ओळखलं आणि सॉरी म्हटलं. त्याला प्रसंग आठवतच नव्हता.

घरात, मुलांबरोबर

अनुवाद ६:७ मध्ये जागा सांगितल्याच आहेत: घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता. वर्गात उभं करून म्हणवून घेणं त्या यादीत नाही. बक्षिसांच्या मी विरुद्ध नाही, पण माझ्या चाळीसांपैकी मी तिशीला पोचेपर्यंत किती उरली होती तर नऊ. मुलांना बक्षिसापेक्षा तुम्ही चुकलेलं पकडायला आवडतं. कार्ड त्यांच्या हातात द्या, तुम्ही म्हणा, त्यांना तपासू द्या. दोन दिवसांत त्यांनाच पाठ होतं.

दहाबारा सुटी वचनं झाली की सलग भाग घ्या. स्तोत्र १ आणि २३ सहा-सहा वचनांची आहेत, १०० तर पाचच, १२१ आठ. गोव्यात एक चांगला मुहूर्त आयता मिळतो: सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना नावाची प्रार्थना चालते, शेजारीपाजारी पहाटे जुन्या गोव्याला जातात. मत्तय ५:३ ते ११ मध्ये "धन्य" बरोबर नऊ वेळा येतं. गेल्या वर्षी आम्ही रोज एक धन्यवचन घेतलं. ३ डिसेंबरला सुट्टी होती, शेजारच्या कॅथलिक घरातली दोन मुलं कोंकणीतून आणि आमची मराठीतून, व्हरांड्यात बसून आळीपाळीने म्हणत होती.

शेवटी कार्डांबद्दल. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापून घ्या, खिशात मावतील एवढे. लिहायला पेन्सिल किंवा बॉलपेन; जेल पेनची शाई जूनच्या दमटपणात पसरते, मग "प्रीती" आणि "भीती" ओळखू येत नाहीत. चालू कार्ड मी स्कूटरच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. बाकीच्या गठ्ठ्यांवर मागच्या पावसाळ्यात बुरशी आली, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा होता. फळीवरचा तो स्टीलचा मी बायकोकडे मागितला. वचनांसाठीच तर मिळाला होता, हेही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आधी धन्यांना दुसरा आणा."